कोळशाचे कण आणि माणसाचा आवाज

शिसपेन्सिलींत शिसें नसतें. तिची काळी कांडी ग्राफाइट आणि चिकणमाती यांची असते, व ती विजेला वाट देते. अंगठींतला हिरा मात्र देत नाहीं. दोन्ही पदार्थ एकाच कर्बाचे. भेद अणूंच्या मांडणीचा. हिऱ्यांत प्रत्येक अणु चार शेजाऱ्यांशीं घट्ट जखडलेला असतो. ग्राफाइटांत अणूंचे थर असतात. प्रत्येक अणु थरांतल्या तिघांशींच बांधलेला, आणि उरलेला एक इलेक्ट्रॉन थरभर मोकळा. म्हणून थराच्या दिशेनें प्रवाह सहज जातो, थर ओलांडून मात्र मोठ्या कष्टानें. कोकमध्यें हेच थर तोकडे व वेडेवांकडे असतात. विजेच्या भट्टींत ३००० अंश सेंटिग्रेडच्या सुमारास तापविल्यावर ते नीट लागतात आणि कोकचें ग्राफाइट बनतें.

परंतु हा विचार अखंड तुकड्याचा झाला. कोकचा चुरा करून डबींत भरला, तर प्रवाहाला होणारा विरोध मुख्यतः कण जेथें एकमेकांस भेटतात तेथें होतो. शेजारचे दोन कण चिकटलेले दिसले, तरी खरखरीत पृष्ठभागांवरचीं मोजकींच टोंकें एकमेकांस लागलेलीं असतात, आणि साऱ्या प्रवाहास त्या चिंचोळ्या वाटांनीं जावें लागतें. चुरा किंचित् दाबला कीं टोंकें चेपतात, नवीं टोंकें भिडतात व विरोध उतरतो. दाब सुटला कीं तो पुन्हा चढतो. पुष्कळशा धातूंच्या चुऱ्याची येथें अडचण होते, कारण कणांवर गंजाचें पातळ कवच चढून वाट बुजते. कर्बावर असें कवच धरत नाहीं.

या क्षुल्लक वाटणाऱ्या गुणावर दूरध्वनीचें भवितव्य अवलंबून होतें. बेलच्या १८७६ मधील यंत्रांत बोलणाऱ्याच्या आवाजालाच वीज उत्पन्न करावी लागे. साहजिकच ती क्षीण असे आणि लांबच्या तारेवर शब्द विरून जात. एडिसननें काजळीची वडी पडद्यामागें बसविली. १८७८ मध्यें ह्यूजनें सैल टेकलेल्या कर्बाच्या कांडीवर माशीच्या पावलांचा आवाजसुद्धां ऐकूं येतो असें दाखविलें. त्याच वर्षीं हनिंग्ज या इंग्लंडमधील धर्मोपदेशकानें कोकचे कणच पडद्यामागें सैल भरले. आतां वीज बॅटरीची. आवाजानें फक्त पडदा हलवून तिची वाट रुंद-अरुंद करावयाची. द्वारपालाचें काम, त्यास बळ तें किती लागणार!

हनिंग्जच्या यंत्रांत एक खोड होती. कण हळूहळू खालीं बसून घट्ट होत आणि पडद्याच्या हालचालीस दाद देईनासे होत. मग यंत्र ठोकून कण मोकळे करावे लागत. १८९० च्या सुमारास अमेरिकेंत व्हाइटनें कण एका लहान बंद कोठडींत दोन कर्बाच्या चकत्यांमध्यें ठेवून ही अडचण बरीच दूर केली, आणि त्या धर्तीचीं यंत्रें पुढें जवळजवळ शंभर वर्षें जगभर घरोघर बोलत राहिलीं.

नभोवाणीनेंही आरंभीं कोळशाचाच आश्रय घेतला. राइस यानें जर्मनींत तयार केलेल्या मायक्रोफोनांत संगमरवराच्या ठोकळ्यांत कर्बाची पूड भरलेली असे, आणि लंडनच्या बी.बी.सी.नें तो १९२० नंतरच्या दशकांत वापरला. वक्ता क्षणभर थांबला कीं मागून एक बारीक सूं सूं ऐकूं येई. तो आवाज कणांमधील असंख्य भेटी प्रवाहाखालीं अस्थिर होण्याचा असे.