रेड कार्ड बदललं, डिस्क ‘फॉरेन’ झाल्या. आता?

तर मंडळी, सीन असा. सर्व्हरचं रेड कार्ड बिघडलं म्हणून बदललं, आणि आता ओएस उठतच नाही. समोर काळी स्क्रीन, यूईएफआय शेल. घाबरू नका, ओएस नसतानाही चालणारी ही छोटी कमांड लाइन आहे.

कार्ड ब्रॉडकॉमचं मेगारेड असेल तर स्टॉरसीएलआय टूलची ईएफआय आवृत्ती फॅट32 पेनड्राइव्हवर घ्या. शेलमध्ये ‘मॅप -आर’ दिलं की पेनड्राइव्ह ‘एफएस0’, ‘एफएस1’ अशा नावाने दिसतो. तिथून टूल चालवा, पण आधी फक्त ‘शो’.

डिस्कसमोर ‘फॉरेन’ लिहून आलं म्हणजे डेटा गेला असं नाही! कुठली डिस्क कुठल्या व्हॉल्यूममध्ये, याची नोंद डिस्कवरही असते. नव्या कार्डाला ती परकी वाटते, एवढंच. ‘इम्पोर्ट’ केलं की सहसा जुना व्हॉल्यूम परत येतो. ‘डिलीट’ केलं तर ती नोंदच पुसली जाते, आणि वर कुणी नवा व्हॉल्यूम बनवून फुल इनिशिअलायझेशन लावलं, की खेळ खल्लास.

म्हणून इम्पोर्टच्या आधी ‘प्रिव्ह्यू’ बघा. सगळ्या डिस्क मोजा. रेड 5 एका डिस्कशिवाय चालतं, दोन नसतील तर नाही. एखादी दिसत नसेल तर आधी ती नीट बसवा.