‘सत मानणं’ आणि ‘भावार्थ’ : ख्रिस्ती विश्वासासाठी आपल्याकडचे शब्द

काही वर्षांपूर्वी माझ्या साइटवरच्या एका फोरमनचा तरुण मुलगा गेला. फोरमन मूळचा गोव्याकडचा, बेळगावात दोन पिढ्या राहिलेला, घरात कोंकणी बोलणारा कॅथलिक. महिन्याभरानं एका रविवारी मुलाच्या नावानं मिस्सा होती, म्हणून मी गेलो. मध्ये सगळे उभे राहिले आणि एका सुरात काहीतरी म्हणू लागले. माझ्या शेजारी फोरमन उभा होता, पण त्याचे ओठ हलले नाहीत. बाहेर आल्यावर मी विचारलं नव्हतं, तरी तोच म्हणाला, “सत मानतां हांव, सर. पूण भावार्थ उणो जाला.”

त्या वेळी मी फक्त मान हलवली. घरी येऊन विचार करत बसलो. ‘खरं मानतो, पण भावार्थ कमी झाला’ म्हणजे काय? आपण मराठीत दोन्हीला ‘विश्वास’च म्हणतो की. मी इंजिनिअर माणूस, धर्मशास्त्र कधी शिकलो नाही आणि ख्रिस्तीही नाही. पण शब्दांचा माग काढायची खोड आहे. त्या मागातून जे हाती लागलं ते मंडळाच्या वाचकांपुढे ठेवतो.

क्रेडो आणि श्रद्धा

चर्चमध्ये सगळे उभं राहून म्हणतात ते विश्वासाचं कबुलीपत्र. लॅटिनमध्ये त्याचा पहिलाच शब्द ‘क्रेडो’, म्हणजे ‘मी विश्वास ठेवतो’. भाषाशास्त्रज्ञांच्या मते ‘क्रेडो’ आणि आपली ‘श्रद्धा’ ही एकाच प्राचीन मुळाची पोरं. मूळ अर्थ साधारण ‘हृदय ठेवणं’ असा. म्हणजे या शब्दाचं नातं डोक्याच्या आधी काळजाशी आहे.

ख्रिस्ती परंपरेतही हा फरक जुना आहे. देव आहे असं मानणं, देव सांगतो ते खरं मानणं आणि देवावर स्वतःला सोपवणं या तीन गोष्टी संत ऑगस्टीननं सोळाशे वर्षांपूर्वी वेगळ्या केल्या होत्या. नव्या करारातलं याकोबाचं पत्र तर आणखी रोखठोक आहे. देव एक आहे हे भुतांनाही पटलेलं असतं आणि ती थरथर कापतात, अशा अर्थाचं तिथं लिहिलंय. नुसतं पटण्यानं माणूस विश्वासणारा होत नाही, हा त्यातला मुद्दा.

स्टीफन्सचा शब्द

आता गोव्याकडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात उतरला आणि पुढची चाळीस वर्षं, 1619 मध्ये मरेपर्यंत, इथंच राहिला. त्याचं बरंचसं काम सासष्टीत झालं. त्याचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, ‘पैलें पुराण’ आणि ‘दुसरें पुराण’ असे दोन भाग. सुरुवातीला प्रसंग असा आहे की, एक नवा ख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो : आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत आम्ही ऐकायचं काय?

या प्रश्नामागं काय घडून गेलं होतं हे विसरून चालणार नाही. 1560 मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं होतं. 1567 च्या सुमारास सासष्टीतली देवळं पाडली गेली होती. पुष्कळांचा बाप्तिस्मा दडपणाखाली झालेला. हुकमानं माणसाच्या डोक्यावर पाणी घालता येतं, तोंडून शब्द वदवून घेता येतात. पण त्याचं काळीज कुठं ठेवायचं हे हुकूम ठरवू शकत नाही. स्टीफन्स त्याच सत्तेच्या आसऱ्यानं काम करत होता, तरी ही अडचण त्याला कळली असावी असं मला वाटतं. म्हणून त्यानं लोकांच्या कानाला सवयीची ओवी घेतली, आणि ख्रिस्ती विश्वासासाठी शब्द घेतला ‘भावार्थ’. विश्वास ठेवणारा तो ‘भावार्थी’.

आपल्याला ‘भावार्थ’ म्हणजे कवितेचा सारांश एवढंच शाळेपासून ठाऊक. पण ‘भाव तसा देव’ म्हणणाऱ्या मुलखात ‘भाव’ या शब्दाला केवढं वजन होतं! बरोबर की चूक असं माप त्याला लागत नाही. तो असतो किंवा नसतो, वाढतो किंवा आटतो.

पुढं 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारनं स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं आणि गोव्यात हे पुराण मागं पडत गेलं. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी मात्र हस्तलिखितं जपली, घरात ओव्या गायल्या. त्यामुळंच 1907 मध्ये मंगळूरला त्याची नवी आवृत्ती निघू शकली. शब्द तर कधी हरवलाच नाही. आजही कोंकणी ख्रिस्ती माणूस भावार्थ, भरवंसो आणि मोग म्हणतो, तिथं मराठी बायबल विश्वास, आशा आणि प्रीती म्हणतं. गंमत बघा, आपला ‘भरवसा’ तिकडे ‘आशा’ झाला आहे! आणि डोक्यानं मान्य करण्यासाठी कोंकणीनं ‘सत मानप’ हा वेगळा शब्द ठेवलाच आहे.

बेळगावचा दाखला

या दोन शब्दांमधलं अंतर किती असतं, ते आपल्याच गावच्या बाबा पदमनजींनी दाखवलं. जन्म 1831, बेळगाव. इथल्या मिशन शाळेत आणि नंतर मुंबईत शिक्षण. ख्रिस्ती धर्म खरा आहे असं त्यांच्या बुद्धीला पटलं, पण बाप्तिस्मा लगेच झाला नाही. आईबाप, जात, घर, सगळं समोर उभं होतं. मधली उलघाल त्यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात सांगितली आहे. अखेर 1854 मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पटणं आणि पाऊल टाकणं यांच्यामध्ये वर्षं गेली. त्यांचा निर्णय आपल्याला पटो न पटो, ती वर्षं खोटी नव्हती.

माझ्या धंद्यातलं सांगतो. स्लॅबचं डिझाइन बरोबर आहे हे कागदावर मला मान्य असतं. पण सेंटरिंग काढायच्या दिवशी खाली उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा येतोच. आकडेमोड मान्य करणं वेगळं आणि टेकू काढल्यावर त्या स्लॅबखाली संसार मांडणं वेगळं. ‘आमेन’ हा हिब्रू शब्द ज्या धातूपासून आला, त्याचाही अर्थ ‘पक्कं असणं, भार पेलणं’ असाच आहे.

फोरमनचे टेकू एका रात्रीत निघाले होते. आकडेमोड त्याला अजून मान्य होती, पण खाली उभं राहवत नव्हतं. तरी तो म्हणाला ‘उणो जाला’, कमी झाला. ‘संपला’ म्हणाला नाही.

शेवटची एक गोष्ट. 325 मध्ये निकिया इथं परिषदेनं जे कबुलीपत्र ठरवलं, त्याची ग्रीक सुरुवात ‘मी’नं होत नाही, ‘आम्ही विश्वास ठेवतो’ अशी होते. हे वाचलं तेव्हा मला तो रविवार आठवला. एक माणूस गप्प उभा होता आणि त्याच्या भोवतीची दोनशे माणसं ते शब्द म्हणत होती. तो अजूनही दर रविवारी जातो. आता ओठ हलतात की नाही, हे मी विचारलेलं नाही.