यंत्रातील पहारेकरी आणि त्याच्या संयमाची मर्यादा

पाण्याच्या टाकीचा पंप चालविणारा मायक्रोकंट्रोलर मध्यरात्री अडकून पडला, तर टाकी वाहत राहते किंवा मोटर कोरडी चालून जळते. त्या वेळी माणूस जागा नसतो. म्हणून यंत्रातच एक पहारेकरी बसविलेला असतो. त्यास वॉचडॉग टायमर म्हणतात. तो घड्याळाचे ठोके मोजतो. मोजणी संपण्यापूर्वी प्रोग्रामने हजेरी दिली, तर मोजणी पुन्हा आरंभापासून सुरू होते. हजेरी चुकली, तर तो यंत्र रीसेट करतो.

हा पहारेकरी हवा तितका वेळ का थांबू शकत नाही? आमच्या आंधळगावच्या कोसा विणकरांना याचे उत्तर सहज उमगेल. कांडीवरील सूत ठरलेले असते. धोटा जितका वेगाने फिरेल, तितकी कांडी लवकर रिकामी होते. तसेच येथे गणकाची मोजण्याची क्षमता ठरलेली असते. त्या क्षमतेस दर सेकंदाच्या ठोक्यांनी भागले की कमाल प्रतीक्षाकाळ मिळतो.

आर्डुइनो उनो या विद्यार्थीप्रिय बोर्डावरील एटीमेगा 328पी चिपचे उदाहरण घेऊ. तिचा पहारेकरी जास्तीत जास्त 10,48,576 ठोके मोजतो. बोर्डाचे मुख्य घड्याळ सेकंदाला 1 कोटी 60 लाख ठोके देते. त्या गतीने ही मोजणी सेकंदाच्या पंधराव्या हिश्शात संपली असती. म्हणून पहारेकऱ्यास सेकंदाला सुमारे 1 लाख 28 हजार ठोक्यांचे स्वतंत्र, संथ घड्याळ दिलेले आहे. त्यामुळे अवधी सुमारे 8 सेकंदांपर्यंत वाढतो. शिवाय मुख्य घड्याळ बंद पडले, तरी पहारा चालू राहतो. तापमान व विद्युतदाब यांनुसार हे संथ घड्याळ थोडे पुढेमागे होते, म्हणून अवधी काठोकाठ धरू नये.

समजा, मोबाइलवर संदेश पाठविण्यास 20 सेकंद लागतात. मग 8 सेकंदांचा पहारेकरी प्रत्येक वेळी मध्येच यंत्र रीसेट करील आणि संदेश कधीच जाणार नाही. यावर काही जण दुसऱ्या टायमरकरवी परस्पर हजेरी लावतात. ती खोटी हजेरी होय. मुख्य काम ठप्प असले, तरी पहारेकऱ्यास सारे आलबेल वाटते. योग्य मार्ग म्हणजे कामाचे लहान टप्पे पाडणे आणि प्रत्येक टप्पा खरोखर पूर्ण झाल्यावरच हजेरी देणे.

तंत्रशिक्षणाकडे वळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हा भागाकार आधी करावा आणि मगच यंत्रावर विसंबावे.