रेंज फुल्ल, तरी साईट उघडेना! चीनची इंटरनेटची 'भिंत' चालते तरी कशी?

मोबाईलवर साईट उघडली नाही की आपल्याकडे आधी शिव्या बसतात त्या रेंजला. चीनमध्ये मात्र रेंज फुल्ल असली तरी गुगल, फेसबुक, यूट्यूब उघडत नाही. 2019 पासून तर विकिपीडियाच्या सगळ्याच भाषा तिथे बंद आहेत, म्हणजे मराठीसुद्धा. सरकारने इंटरनेटच्या वाटेवर बसवलेल्या या यंत्रणेला जगभर 'ग्रेट फायरवॉल' म्हणतात.

आपण साईटचं नाव टाकतो, पण फोनला लागतो तिचा आकडी पत्ता. तो फोन डीएनएस सर्व्हरला विचारतो, चौकात पत्ता विचारावा तसा. चीनमध्ये वाटेतच कान देऊन बसलेलं यंत्र खरं उत्तर यायच्या आत खोटा पत्ता सांगून मोकळं होतं. खरं उत्तर मागून येतं, पण तोवर फोन भलत्याच रस्त्याला लागलेला असतो. 'सरकारने बंद केली' असं स्क्रीनवर येत नाही. नुसतं चाक फिरत राहतं.

हे तपासायचं कसं? तिथल्या माणसाला कामाला लावलं तर तोच अडचणीत यायचा. म्हणून संशोधक बाहेरच्या देशातून चीनमधल्या अशा पत्त्यावर प्रश्न पाठवतात, जिथे डीएनएस सर्व्हरच नाही. म्हणजे उत्तर यायलाच नको. तरी आलं, तर समजायचं की भिंतच बोलली! कुलूप लावलेल्या घराला हाक मारली आणि ओट्यावरूनच कुणी 'ओ' दिली, असा हा प्रकार.

2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 9 महिने, रोज सरासरी 41 कोटी साईटची नावं अशी तपासली. सुमारे 3 लाख 11 हजार अडवलेली निघाली. त्यातली जवळपास 41 हजार बिचारी उगाच सापडली होती. ओळख लपवून इंटरनेट वापरू देणाऱ्या 'टॉरप्रोजेक्ट'ला अडवताना 'मेंटॉरप्रोजेक्ट'ही गेली, कारण नावात तेवढीच अक्षरं!

आपल्याकडेही केंद्र सरकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69-अ खाली साईट आणि ॲप बंद करतं. जून 2020 मध्ये टिकटॉकसह 59 ॲप गेली ती याच कलमाने. पण आपल्याकडे चीनसारखी एकच भिंत नाही, अडवायचं काम प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने करते. त्यामुळे एका सिमवर बंद असलेली साईट दुसऱ्यावर चालते, असंही संशोधकांना आढळलंय. साईट अडली तर आधी दुसऱ्या कंपनीच्या सिमवर बघा. तिथे उघडली, तर दोष साईटचा नाही.