सहा लाखांची जुनी लक्झरी कार खरंच सहा लाखांत पडते का?



गेल्या आठवड्यात आपल्या बॅचमधल्या एका मुलाचा फोन आला. नाशिकला त्याचा मसाल्यांचा छोटा व्यवसाय आहे, तीन माणसं कामाला. म्हणाला, "सर, दिल्लीची गाडी आहे. २०१३ चं मॉडेल, जर्मन, डिझेल, सनरूफ, लेदर सीट. नवीन होती तेव्हा चाळीस लाखांची, आता सहा लाखांत मिळतेय. चार लाखांचं पर्सनल लोन काढतो, बाकीचे आहेत माझ्याकडे."

मी विचारलं, "ते 'बाकीचे' म्हणजे पॅकिंग मशीनसाठी साठवलेले ना?"

थोडा वेळ तो गप्प. मग म्हणाला, "सर, मोठ्या डिस्ट्रिब्युटरकडे स्कूटरवर गेलं की तो उभंच करत नाही."

त्याला मी हसलो नाही, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. ती गोष्ट पुढे सांगतोच. आधी हिशोब बघू.

१. गाडी स्वस्त होते, तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत

चाळीस लाखांची गाडी सहा लाखांवर आली, म्हणजे चौतीस लाखांची घट आधीच्या मालकांनी सोसली. इथपर्यंत तुमचा फायदाच आहे. पण तिचा हेडलॅम्प, गिअरबॉक्स, ब्रेक डिस्क हे सगळं अजूनही चाळीस लाखांच्या गाडीचंच आहे. वर्कशॉपमध्ये तुम्ही किती रुपयांना गाडी घेतली हे कोणी विचारत नाही.

आपल्याकडे मर्सिडीज चाकणला, ऑडी छत्रपती संभाजीनगरला आणि बीएमडब्ल्यू चेन्नईला जोडली जाते. पण जोडली इथे म्हणजे सगळे पार्ट इथले, असं नाही. बरेचसे बाहेरून येतात, त्यावर आयात शुल्क लागतं आणि युरो वाढला की भावही वाढतो. दारात हत्ती झुलावा असं सगळ्यांनाच वाटतं, प्रश्न रोजच्या चाऱ्याचा असतो.

२. दिल्लीची गाडी स्वस्त का?

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बंदी आणली आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. २०२५ मध्ये कोर्टाने मालकांना काहीसा दिलासा दिला. पण या धास्तीपोटी तिथल्या भारी गाड्या पडेल भावात बाहेर निघत आल्या आहेत.

ती गाडी इथे कायमची वापरायची तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते, म्हणजे फॉर्म २८. मग इथे नवीन नंबर, नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. हा टॅक्स गाडीच्या वयानुसार कमी होतो, पण तो निघतो गाडीची मूळ किंमत धरून, तुमच्या सहा लाखांवर नाही. म्हणून टोकन देण्याआधी आरटीओतून आकडा काढून घ्या.

आणखी एक. २०१३ च्या गाडीचं रजिस्ट्रेशन २०२८ मध्ये संपणार. मग फिटनेस तपासणी, पाच हजार रुपये नूतनीकरण फी, वर पर्यावरण कर. तेही फक्त पाच वर्षांसाठी.

३. मोठे खर्च नेमके कुठे येतात?

*टायमिंग चेन:* बीएमडब्ल्यूच्या त्या काळातल्या २ लिटर डिझेल इंजिनात ही चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. म्हणजे पार्टपेक्षा मजुरीच भारी. आणि चालत्या इंजिनात चेन तुटली तर इंजिनच जातं.

*ऑटोमॅटिक गिअरबॉक्स:* "ऑइल आयुष्यभर बदलावं लागत नाही" असं विकणारा सांगतो. पण बऱ्याच लक्झरी गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलायला सांगते.

*एअर सस्पेन्शन:* रबराच्या हवेच्या पिशव्यांवर गाडी तोललेली असते. वय झालं की रबराला चिरा पडतात, हवा गळते, कॉम्प्रेसर सतत चालून जळतो. एकाचे दोन खर्च होतात.

*टायर:* काही गाड्यांत स्टेपनी नसते, रनफ्लॅट टायर असतात. ते साध्या टायरपेक्षा बरेच महाग असतात.

४. विमा आहे ना?

आहे, पण पूर्ण नाही. साध्या पॉलिसीत दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात. प्लॅस्टिक आणि रबरावर वय काहीही असो, ५० टक्केच. झिरो डेप पॉलिसी इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. आणि पावसात साचलेल्या पाण्यात स्टार्टर मारून इंजिन गेलं, तर इंजिन प्रोटेक्शन घेतलं नसल्यास क्लेम बसत नाही. झीज होऊन बिघडलेल्या पार्टला तर विमा लागूच नाही.

५. "धंद्याच्या नावावर घेतली की टॅक्स वाचतो"

हे वाक्य मला दर बॅचला ऐकायला मिळतं. बघा, १३ पर्यंत सीटच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट साध्या उद्योजकाला मिळत नाही. आयकरात १५ टक्के घसारा मिळतो. सहा लाखांवर झाले ९० हजार, २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये वाचले १८ हजार. घरच्या वापराचा हिस्सा त्यातूनही वजा. आणि तुम्ही प्रिझम्प्टिव्ह योजनेत रिटर्न भरत असाल तर घसारा वेगळा मिळतच नाही.

आता याच सहा लाखांचं पॅकिंग मशीन घेतलं तर? १८ टक्क्यांनी १ लाख ८ हजार जीएसटी, आणि तुम्ही रेग्युलर स्कीममध्ये असाल तर त्याचं क्रेडिट मिळतं. वर मशीन दुसऱ्या दिवसापासून काम करतं.

६. पहिल्या वर्षाचा कागद

त्या मुलाला फोनवरच कागद-पेन घ्यायला लावलं. आकडे अंदाजी आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही भरा.

- आरटीओ, रोड टॅक्स, एजंट, गाडी आणणं: ७५,०००
- विमा: २५,०००
- रेग्युलर सर्व्हिस, ब्रेक: ४०,०००
- चार टायर: ६०,०००
- डिझेल, महिना १,००० किमी, लिटरला १२ किमी, ९० रुपये भाव: ९०,०००
- ४ लाखांचं लोन, १५ टक्के, ३ वर्षं, पहिल्या वर्षाचं व्याज: ५२,०००
- मोठ्या दुरुस्तीसाठी राखीव: १,५०,०००

बेरीज ४ लाख ९२ हजार. म्हणजे महिन्याला ४१ हजार, आणि यात गाडीची किंमत धरलेलीच नाही! राखीव रक्कम पहिल्या वर्षी लागणारही नाही कदाचित. पण ती बाजूला नसेल आणि लागली, तर काय होतं ते आता सांगतो.

७. माझी गोष्ट

२०१६ मध्ये मी एक आठ वर्षांची जर्मन सेडान घेतली. ट्रेनर म्हणून छाप पडावी, बाकी कारण काही नव्हतं. पाचव्या महिन्यात एका सकाळी बघतो तर गाडीची पुढची एक बाजू जमिनीला टेकलेली. एअर सस्पेन्शन. अंदाजपत्रक आलं १ लाख ८० हजार. माझ्याकडे राखीव काहीच नव्हतं, म्हणून धंद्याच्या करंट खात्यातून पैसे उचलले. त्या महिन्यात सेंटरवरच्या दोघींचा पगार बारा दिवस उशिरा झाला. त्यातल्या एकीने मुलाची फी भरायला कानातलं गहाण ठेवलं, हे मला खूप नंतर कळलं. तिने तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

गाडी पुढच्या वर्षी तोट्यात विकली. तो तोटा मी विसरलो, ते कानातलं नाही विसरलो.

८. तरीही घ्यायचीच असेल तर

हौस वाईट नाही. फक्त क्रम पाळा.

१. सर्व्हिसचा पूर्ण इतिहास नसेल तर सौदा सोडून द्या.
२. विकणाऱ्याच्या नव्हे, आपल्या मेकॅनिककडे गाडी स्कॅनरवर लावा. इंजिन थंड असताना स्टार्ट करून आवाज ऐका.
३. वाहन पोर्टलवर कर्जाचा बोजा, विमा आणि चलानं तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात घ्या.
४. टायरवरचा चार अंकी आकडा वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर जुने असतील तर तेवढी किंमत कमी करून मागा.
५. गाडीच्या किमतीच्या निदान पाव भाग रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा, मगच चावी घ्या.
६. खेळतं भांडवल आणि पगाराच्या पैशाला हात लावायचा नाही. हा नियम मोडावा लागत असेल, तर ती गाडी आज तुमची नाही.

आणि डिस्ट्रिब्युटरचं काय? त्या दिवसापुरती चांगली टॅक्सी भाड्याने घ्या, हजार-दोन हजारांत काम होतं. तसंही तो खिडकीतून तुमची गाडी एकदा बघेल. तुमचं पाकीट मात्र महिनोन्‌महिने त्याच्या गोदामात राहणार आहे. सील नीट आहे का, वजन बरोबर भरतं का, माल वेळेवर येतो का, दुसरी ऑर्डर यावर ठरते.

परवा त्या मुलाचा मेसेज आला: "सर, गाडीवाल्याला नाही कळवलं. मशीनचं कोटेशन मागवलंय. वाईट वाटतंय थोडं."

वाटणारच. मी त्याला लिहिलं, सनरूफ कुठे पळून जात नाही.

तुमच्याही डोक्यात अशी एखादी गाडी असेल तर आज रात्री वरचा कागद तुमच्या आकड्यांनी भरा. भेटू पुढच्या व्हिडिओत.