थंड हवेचे काम : कोटेशन ताडून पाहताना

फेब्रुवारी संपत आला की खामगाव, नांदुरा, मलकापूरकडे माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. टाकी गंजलेली निघाली, जाळीचा भुसा झाला, की घरात एकच विषय निघतो : यंदा एसीच बसवून टाकू. बुलढाणा शहर डोंगरावर असल्याने तिथली रात्र थोडी तरी निवते. पूर्णेच्या खोऱ्यातील गावांना ती सवलत नाही. शिवाय कूलरला रोज पाणी लागते आणि पावसाळी दमट हवेत तो काही कामाचा राहत नाही.

आमचे बरेच व्यापारी व कारागीर बांधव दुकानाच्या वरच राहतात. स्लॅब दिवसभर तापतो, म्हणून एसीचा विचार रास्तच आहे. पण दुकानात पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस इथे मात्र कोटेशनच्या शेवटच्या ओळीतला आकडा पाहून काम देऊन टाकतो, याचे आम्हाला नवल वाटते.

समजा, दीड टनाच्या दोन यंत्रांसाठी एकाने ७८,००० सांगितले आणि दुसऱ्याने ८९,०००. पहिल्याच्या कागदावर बारीक अक्षरात ‘फिटिंग वेगळे’ असे आहे. यंत्रासोबत तांब्याची नळी बहुधा तीन मीटरच मिळते. बाहेरचा भाग गच्चीवर ठेवायचा तर सात मीटर लागते, म्हणजे दोन यंत्रांची आठ मीटर जास्त. मीटरला ९०० रुपये धरले तर ७,२००. लोखंडी स्टँडचे १,६०० आणि वेगळी वायर, एमसीबी, अर्थिंग यांचे ४,५००. बेरीज गेली ९१,३०० वर. हे आकडे आम्ही केवळ हिशेबासाठी धरले आहेत, पण गंमत अशीच होते. म्हणून दर मागण्याआधी आपणच एक यादी करावी आणि तीच प्रत्येकाच्या हाती द्यावी : नळी किती मीटर, ती तांब्याची की ॲल्युमिनियमची, वायर किती जाडीची, भिंतीला भोक कोण पाडणार, पाण्याचा पाइप कुठे सोडणार, जुन्या यंत्राचे किती वजा करणार.

खोली न पाहता फोनवरच टन सांगणाऱ्याला आम्ही तरी काम देणार नाही. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू उष्णता बाहेर काढण्याची ताकद. ही ताकद बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. मे महिन्यात मलकापुरात पारा ४४-४५ वर गेला की तेच यंत्र कमी गारवा देते. वरचा मजला, पश्चिमेची भिंत, पत्र्याचे छप्पर हे पाहूनच टन ठरले पाहिजे. तेवढ्या तापमानात यंत्र किती काम देईल, हे ठेकेदाराला जरूर विचारावे.

विजेचा हिशेब घरीच करता येतो. स्टारच्या लेबलवर वर्षाला १,६०० तास वापर धरून युनिट छापलेले असतात. दोन यंत्रांच्या लेबलांत २०० युनिटांचा फरक असेल आणि युनिट १२ रुपयांना पडत असेल, तर वर्षाला २,४०० वाचतात. महागडे यंत्र ८,००० ने जास्त असले तरी साडेतीन वर्षांच्या आत फरक भरून निघतो. फक्त यंत्र चालवणार किती तास, हे प्रामाणिकपणे धरावे. मंजूर भार कमी असेल तर महावितरणकडे तो वाढवून घेण्याचा खर्चही याच हिशेबात येतो.

बसवणाऱ्याकडे व्हॅक्यूम पंप आहे का, हे आधीच विचारून कोटेशनात लिहून घ्यावे. नळीतील हवा आणि ओल पंपाने ओढून मगच गॅस सोडायचा असतो. कित्येक जण थोडा गॅस सोडून हवा ढकलून देतात. यात गॅस वाया जातो आणि कॉम्प्रेसरचे आयुष्य घटते. आजकालचा आर-३२ हा गॅस थोडाफार पेट घेणाराही आहे.

‘बिल नको, स्वस्तात देतो’ हा मोहही टाळावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा दर करासहित आहे की कराविना, हे लिहून घ्यावे. पक्के बिल नसेल तर वॉरंटी मागायची कशाच्या आधारावर? दुकानात लावलेल्या यंत्रावरचा कर नियमित नोंदणी असलेल्यास वजा मिळू शकतो. घरच्या यंत्रावर किंवा कंपोझिशनवाल्यास नाही.

‘बिनव्याजी हप्ता’ म्हणून सांगितले जाते तेव्हा रोखीचा भाव आधी विचारावा. पुष्कळदा बँक व्याज लावतेच, तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी देते, आणि प्रोसेसिंग फी व व्याजावरचा जीएसटी वेगळा. व्याजापासून दूर राहणाऱ्या बांधवांनी तर करारातील व्याजाचा रकाना वाचल्याखेरीज सही करू नये.

राहिली दुरुस्ती. खामगावचा माणूस अकोल्याहून, मलकापूरचा भुसावळ-जळगावहून काम करून घेतो. तो ठेकेदार ऐन मे महिन्यात किती दिवसांत येईल आणि येण्याचे किती घेईल, हे कोटेशनाच्या कागदावरच सही-शिक्क्यानिशी घ्यावे. थोडी रक्कम यंत्र दोन दिवस चालवून पाहिल्यावर द्यायची, हेही त्याच कागदावर लिहावे.