खोड की व्यथा? सवारीच्या घोड्यांची पाठदुखी

निरर्थक भरणा दर्शविण्यासाठी मराठीत ‘खोगीरभरती’ हा शब्द रूढ आहे. खोगिरात हाती लागेल ते भरले तरी चालते, ही समजूत त्या लाक्षणिक अर्थामागे दिसते. घोड्याच्या पाठीच्या दृष्टीने ही समजूत घातक होय. ‘खोड’ हा दुसरा शब्दही असाच फसवा आहे. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी पर्यटकांना फिरविणारा एखादा घोडा तंग आवळताना चावू लागला, की त्यास खोडकर ठरविणे सोपे असते. परंतु अशी खोड हे पुष्कळदा वेदनेचे लक्षण असते.

घोड्याच्या पाठीत छातीचे 18 व कमरेचे बहुधा 6 मणके असतात. स्वाराचा भार छातीच्या मागील मणक्यांच्या दोन्ही अंगांस असलेल्या लांब स्नायूंवर पडावा, कण्यावर पडू नये. खोगीर अरुंद, तिरके वा गाठाळ असेल, तर स्नायू चेपतात व आखडतात. काही घोड्यांत मणक्यांची वरची टोके परस्परांस घासूनही वेदना उत्पन्न होते.

ही व्यथा ओळखण्याच्या खुणा अनेक आहेत. खोगीर दिसताच कान मागे पाडणे, स्वार चढताना पाठ खाली दबविणे, शेपूट सतत झटकणे, पाऊल आखूड टाकणे, उतारावर अडणे, या त्यांपैकी प्रमुख होत. खोगिराखाली उमटलेले पांढरे केस पूर्वीच्या दाबाची साक्ष देतात. स्यू डायसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली स्वारीतील घोड्याच्या 24 वर्तनांची सूची प्रसिद्ध केली. त्यांपैकी 8 वा अधिक वर्तने आढळल्यास हाडे, सांधे वा स्नायू यांच्या वेदनेचा दाट संशय घ्यावा, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

परीक्षेसाठी घोडा सपाट जागी उभा करून कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटे सपाट ठेवून हळूहळू दाब द्यावा. त्याच जागी पुनःपुन्हा स्नायू ताठ होत असतील, तर ती जागा दुखरी समजावी. मात्र मागील पायाचे लंगडणे वा जठरातील व्रण यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात. शिवाय क्ष-किरण चित्रात मणक्यांची टोके भिडलेली दिसूनही घोडा वेदनारहित असू शकतो. म्हणून अंतिम निदान पशुवैद्यानेच करावे. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

उपचारांत प्रथम कारण दूर करणे आले. स्वारी थांबवावी व खोगीर तपासावे. अरुंद खोगिराखाली आणखी घोंगडी घातल्याने दाब कमी न होता वाढतो. ही खरोखरीची खोगीरभरती होय. वेदनाशामक औषधे पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावीत; अतिमात्रेने जठर व मूत्रपिंडे यांस अपाय होतो. औषधाने वेदना दबवून घोडा कामास जुंपणे तर सर्वथा अनुचित होय. वेदना ओसरल्यावर प्रथम हातात दोरी धरून चालविणे, मग चढावर चालविणे, व शेवटी हलका स्वार, असा क्रम ठेवावा.

महाबळेश्वरास या क्रमाचे विशेष महत्त्व आहे. पावसाळ्यात पर्यटन मंदावते व विश्रांतीने पाठीचे स्नायू क्षीण होतात. पाठीचा आकार बदलल्याने उन्हाळ्यात बसणारे खोगीर दिवाळीत बसेलच असे नाही. हंगामारंभी ते पुन्हा बसवून पाहावे. भाराचीही मर्यादा आहे: खोगिरासह भार घोड्याच्या वजनाच्या एक-पंचमांशाहून अधिक नसावा, हा सर्वसाधारण संकेत होय. 300 किलोचा घोडा व 10 किलोचे खोगीर धरल्यास स्वार 50 किलोहून जड नसावा. चढउताराच्या वाटेवर त्याहूनही कमी असणे इष्ट. हा हिशेब घोडेवाल्याइतकाच पर्यटकानेही घोड्यावर चढण्यापूर्वी करावयास हवा.